संडासाच्या टाकीची दांडी

३ मार्च
दांडी हलत नाही! संडासाच्या टाकीतली घाण सोडायचा व्हॉल्व्ह उघडायची दांडी. आधी यांनी ओढली, मग मी, मग दोघांनी मिळून — आणि दोघंही मागच्या मागे शेजारणीच्या कुंड्यांवर. एक कुंडी गेली. दांडी जिथल्या तिथे.

ही कॅराव्हॅन — आत झोपायची, संडासाची सोय असलेली गाडी — जुनी घेतली, तेव्हाच मी विचारलं होतं, संडास नीट चालतो का? तर हे म्हणे, "तुला आधी तेच सुचतं!"

सुचणारच. गाडी त्याच्यासाठीच तर घेतली.

४ मार्च
लिहूनच टाकते. आई अकरा वर्षांत मावशीकडे गेलेली नाही. सहा तासांचा रस्ता. सगळ्यांना सांगते, मला गाडी लागते. लागत बिगत काही नाही. तिला दर तासाला जावं लागतं, आणि वाटेतले संडास तिला नको वाटतात. हे तिने फक्त मला सांगितलं, तेही कपड्यांच्या घड्या घालताना, माझ्याकडे न बघता.

मावशीही येत नाही. म्हणे घराला कुलूप लावून निघवत नाही. आईचं मत — "रुसलीय. धाकटी ना, पहिल्यापासून तशीच." एक अठ्ठ्याहत्तरची, एक चौऱ्याहत्तरची. आता नाही तर कधी भेटणार? चौदाला निघायचं म्हणजे निघायचं.

६ मार्च
यांनी कुठेतरी वाचलं, खायचं तेल ओतून मुरू द्यावं. अर्धी बाटली ओतली. दांडी ढिम्म!

७ मार्च
गॅरेजवाला आला. गाडीखाली वाकला, लगेच सरळ झाला. "ताई, इंजिनाचं काही असेल तर बोलवा." गेला!

८ मार्च
"टाकी रिकामी आहे, काटा शून्यावर आहे," इति हे. म्हटलं, काट्याचं काय ऐकता, टाकी वाजवून बघा. पण माझं कोण ऐकतं! हे पाना घेऊन गाडीखाली. व्हॉल्व्हला चार बोल्ट. तीन निघाले, काही नाही. चौथा सैल झाला आणि —

पुढचं लिहीत नाही. हे जे सुटले ते थेट अंगणातल्या नळाखाली. दोनदा साबण, मग माझा शांपू. शेजारणीने खिडक्या लावून घेतल्या. मी हसता हसता खाली बसले.

९ मार्च
आईने सगळं बघितलं होतं. जेवताना म्हणाली, "राहू दे गं. तसंही मला गाडी लागते." हे काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला. मग मी उठून भांडी घासत बसले. फार वाईट वाटलं.

११ मार्च
मी काम करते त्या दवाखान्यातून रजा घेतली. येताना हातमोजे, मास्क आणि डोक्याला लावायचा दिवा आणला. दातांच्या डॉक्टरांना सांगितलं नाही कशासाठी ते.

टाकी तीनदा धुतली. व्हॉल्व्ह काढला. आतली सरकती पट्टी ज्या खाचेतून जाते, तिथे कागदाचा लगदा वाळून दगड झालेला! डॉक्टर दातांवरचं कीटण कसं खरवडतात, हे बावीस वर्षं शेजारी उभी राहून बघतेय. तस्संच खरवडलं. रबरी कड्या फाटल्या होत्या, त्या बदलल्या. ग्रीस लावून व्हॉल्व्ह परत बसवला. हे दांडीपाशी, मी गाडीखाली.
"ओढा!"
"काय?"
"अहो, ओढा!"
सर्रकन आली! आता एका बोटाने येते.

आई बाहेर आली, दांडी तीनदा ओढून बघितली आणि आत गेली. थोड्या वेळाने विचारते, "तिकडे थंडी असेल का गं?" बॅग काढून बसली होती!

१४ मार्च
पोचलो. वाटेत पाच थांबे, आई खूश. पण मावशीकडे सगळं थंड. "वाळलीस," मावशी म्हणाली. आई म्हणाली, "अकरा वर्षांनी बघितलं की तसंच वाटतं." मग दोघी दोन खोल्यांत. एवढं करून हेच का?

१५ मार्च
सकाळी मावशी गाडी बघायला चढली. संडासात गेली, कडी लावली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि आईशेजारी पायरीवर बसली. डोळे भरलेले.
"ताई, हे असतं तर मी दर महिन्याला आले असते."
आई बघतच राहिली. "मग सांगायचं नाहीस का मला?"
"तू सांगितलंस?"