आईच्या शेजारची जागा

व्हेरनोल, ९ सप्टेंबर

प्रिय युगेत,

तुझं पत्र आणि गावाच्या वारसा मंडळाची ती गुळगुळीत पुस्तिका, दोन्ही एकाच दिवशी पोचली. आई-बाबांच्या थडग्यात आपल्या दोघींच्या जागा राखून आहेत ना, असं तू विचारलंयस. डॉक्टर वर्षाच्या पुढचं बोलत नाहीत आणि पॅरिसच्या त्या अफाट दफनभूमीत परक्यांमध्ये पडून राहायची कल्पनाही तुला सहन होत नाही. तुला आईच्या शेजारीच निजायचंय. वाचून वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. उत्तर देणारच आहे, पण आधी पुस्तिकेतल्या तुझ्या लेखाबद्दल बोलू दे. ऐंशी वर्षं मूग गिळून बसले, आज तू जरा ऐकून घे.

तू लिहिलंयस, गावावर ओकच्या सालीचा गोडसर वास दरवळायचा आणि बाबांच्या हातांनाही तो असायचा. दरवळायचा? अगं, कातडी कमावायच्या हौदांचा वास घशात बसतो, जेवणात उतरतो. बाबा कामावरून आले की भर जानेवारीत तू खिडक्या उघडायचीस. शाळेतल्या मैत्रिणींना तू सांगून ठेवलं होतंस की आपले वडील नोटरीच्या कचेरीत कारकून आहेत. बक्षीस समारंभाला बाबा रविवारचा कोट घालून, हात दगडाने घासून घासून लाल करून आले आणि तू त्यांच्यासमोरून मान वळवून निघून गेलीस. परतताना पुलावर ते मला म्हणाले, "पोरीच्या डोळ्यांवर ऊन आलं असेल गं, तिला मी दिसलो नसेन." तेव्हा पाऊस पडत होता, मी त्यांच्यावर छत्री धरली होती. आता कारखान्याचं संग्रहालय झालंय, हौदांवर काचा बसवल्यात. शनिवारी वारसा दिनाच्या फेरीत तू लोकांना तिथे नेऊन बाबांच्या हातांबद्दल सांगणार आहेस. छापील पत्रक माझ्याही दारात टाकून गेलेत.

नदीवरच्या धुणीघराचं वाचून तर मी हातातली कॉफी खाली ठेवली. "मी आईशेजारी गुडघे टेकून चादरी घासायचे, थंडीने बोटं फुटायची." बोटं माझी फुटायची, युगेत. तू धुणीघरात दोनदा आलीस, दोन्ही वेळा निरोप द्यायला. चांभाराची बायको फ्लावी सगळ्यांसमोर आईला विचारायची, "का हो, थोरलीला नाही आणत? तिचे हात काय लोण्याचे आहेत, पाण्यात वितळतील?" आई चादर पिळत म्हणायची, "थोरलीला अभ्यास आहे." किती अभिमानाने म्हणायची ते! मी चादरीचं दुसरं टोक धरून उभी असायची. माझ्याबद्दल कुणी विचारायचं नाही आणि आई आपण होऊन सांगायची नाही. तू बाबांना विसरलीस, गावाला विसरलीस, त्याचं मला फारसं काही नाही. पण माझी फुटलेली बोटं तू उचलून नेलीस आणि आपल्या नावाने छापलीस, हे मात्र डोक्यात गेलं.

आणि आईचं आजारपण. अकरा वर्षांचं आजारपण तू एका वाक्यात उरकलंस. "शेवटी शेवटी कोणी पोर्तुगीज बाई घरकामाला येत असे." कोणी! तिचं नाव इडालीना. तिचा नवरा बाबांच्याच कारखान्यात हौदावर होता. तो गेल्यावर त्याला तिकडे त्याच्या गावी पुरलं. मूलबाळ नाही, म्हणून ती इथेच राहिली. मी पोस्टात नोकरीला जायची तेव्हा आईला उठवणं, न्हाऊ घालणं, चमच्याने सूप भरवणं, सगळं ती करायची. आईने तिचे चावे घेतले, तिला शिव्या दिल्या. ती हसायची. म्हणायची, "म्हातारीला अजून दात आहेत, देवाची कृपा!" तू दर नाताळला चॉकलेटचा डबा पाठवायचीस. आईला साखर वर्ज्य होती, पण ते तुला माहीत असायचं काही कारण नव्हतं. डबा आम्ही दोघी संपवायचो.

आता थडग्याचं. पुस्तिकेत तुझा मोठा फोटो आहे, पाच वर्षांपूर्वीचा, सर्व संतांच्या सणाचा, सगळं गाव थडग्यांवर फुलं वाहतं त्या दिवसाचा. बाबा गेल्यानंतरच्या तीस वर्षांत एकदा तू फुलं घेऊन आलीस, तीही फोटोवाल्याला बरोबर घेऊन. पांढऱ्या शेवंतीची ती भलीमोठी कुंडी आठवते? दगडावर नगरपालिकेची पिवळी पाटी होती. ती फोटोत वाईट दिसेल म्हणून तू बरोबर तिच्यावर कुंडी ठेवलीस. तू ती वाचली नाहीस. या जागेची तीस वर्षांची मुदत संपली, वारसांनी दोन वर्षांत कचेरीत यावं, असं त्यावर लिहिलं होतं. मी चार पावलांवर उभी होते. मी बोलले नाही. नंतर कचेरीतली मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या बहिणीला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. फोन करून बघता का?" मी म्हटलं, तिला गावची पत्रं फार येतात, वर्गणीची समजून टाकून दिली असतील. फोन मी केला नाही. मुदतीत पैसे भरले असते तर जागा दोघींची राहिली असती, म्हणून दोन वर्षं मी दिवस मोजले. मुदत सरली, जागा गावाकडे गेली, आणि दुसऱ्याच सोमवारी मी ती नव्याने घेतली, एकटीच्या नावावर. तिथे कोण निजणार ते आता मी ठरवते.

इडालीना फेब्रुवारीत गेली. जागा नसलेल्यांना गाव पाच वर्षं जमीन देतं, मग हाडं काढून सगळ्यांची एकत्र ठेवतात. मी तिला आईच्या शेजारी ठेवली. चौथी जागा माझी आहे, ती मागू नकोस, मिळणार नाही. गेल्या आठवड्यात दगडावर तिचं नाव कोरून झालं, म्हणून आज लिहायला बसले. आणखी एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. आईला शेवटची दोन वर्षं माणसं ओळखू येत नव्हती. मला ती "पोस्टातली बाई" म्हणायची आणि इडालीनाला युगेत. इडालीना दर वेळी "आले हं, आई" म्हणायची. युगेतचा हात हातात आहे असं समजूनच आई गेली, ती शांतपणे गेली, आणि तिच्या शेजारी तिची ती युगेत निजली आहे. तेव्हा तिथे तुझी गरज नाही. शनिवारी मात्र नक्की ये, तब्येतीचं कारण सांगू नकोस. पत्रकात फेरीचा शेवट आपल्या थडग्यापाशी छापलाय. तिसरं नाव कुणाचं, असं लोक तुला विचारणारच, आणि तू काय सांगतेस ते ऐकायला मी पुढेच उभी असेन.

तुझीच धाकटी,
आर्लेत