कोपऱ्यातली खोली कुणासाठी

कामिसावा, होक्काइडो
६ ऑक्टोबर

चि. मासातोशीस, ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे डोंगरमाथा पांढरा दिसू लागला. माझे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणजे थंडी आलीच. कळवायचं असं, की बाबांच्या लॉजचा हा शेवटचा हिवाळा. एप्रिलमध्ये इमारत पाडणार. एकटीला आता बारा खोल्यांची अंथरुणं-पांघरुणं झेपत नाहीत.

तू, इकुए आणि तुमची लेक चिहारू स्कीइंगला येऊन जाल का? नववर्षाच्या आठवड्यात कोपऱ्यातली खोली मोकळी ठेवता येईल. अर्थात तुला ऑफिस, चिहारूला कॉलेज. नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस. इथे थंडीही फार, आणि जेवण म्हणजे आपलं साधंच.

तिघंही जपून राहा, आणि लोभ आहे तेवढा तरी ठेवा.

तुझी फुमिए

ओसाका
१९ ऑक्टोबर

ती. ताईस, मासातोशीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. इकुएनेही वाचलं, आणि आमचं एकमत झालं की तू आम्हाला बोलावते आहेस. दोन दिवसांनी पुन्हा वाचलं, तेव्हा एकमत झालं की तू येऊ नका म्हणते आहेस. थंडी फार, जेवण साधं, मनाला लावून घेऊ नकोस, हे माणूस कधी लिहितं ते मलाही कळतं.

पण चिहारूने हट्ट धरलाय. तिला कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फातून घसरत यायचंय. म्हणून मधला मार्ग काढला. उतारापलीकडच्या हॉटेलात खोली घेतली, तीही फेब्रुवारीत, म्हणजे नववर्षाच्या धांदलीत तुझ्या पायांत घोटाळणं नको. दुपारी तासभर भेटून जाऊ. चहासुद्धा टाकू नकोस.

लोभ वाढवावा, पण त्यासाठी त्रास घेऊ नये.

तुझा मासातोशी

कामिसावा
३ डिसेंबर

चि. मासातोशीस आशीर्वाद. वि. वि.

तुझी वर्षअखेरची भेट पोचली. मोठ्या दुकानाचा कागद, वर छापील नावाची पट्टी, आत हॅम. साहेबाला पाठवतात तशी. एरवी दर डिसेंबरला तुझं संत्र्यांचं खोकं यायचं, दोरीने कसंबसं बांधलेलं. यंदा काय झालं, मला कळेना. रीतीप्रमाणे मीही परतीची भेट पाठवली आहे, खेकड्याचे डबे.

हॉटेल चांगलं आहे म्हणतात, खोलीतच न्हाणीघर आहे. नववर्षाला तुमच्यासाठी दोन गिऱ्हाइकांना नाही म्हटलं होतं, ती खोली आता मेलबर्नच्या जोडप्याला दिली. फेब्रुवारीत तासभर आलात तर छान. नाही आलात तरी हरकत नाही, आलेल्या माणसाने उतार सोडून इकडे कशाला यायचं?

माझं उत्तम चाललंय. लोभाचं तुमच्या सवडीने पाहा.

फुमिए

ओसाका
१२ डिसेंबर

प्रिय आत्या, चिहारूचा नमस्कार.

बाबांना न सांगता लिहितेय. तुम्हा बहीण-भावांच्या पत्रांत माझी सुट्टी हरवली आहे. कॅलेंडरवर नववर्ष खोडून फेब्रुवारी लिहिला, आता फेब्रुवारी खोडून प्रश्नचिन्ह आहे. मी स्कीचे बूट दोनदा काढले आणि दोनदा ठेवून दिले.

शेवटच्या वर्षी तुला काहीतरी भारी पाठवायचं, म्हणून बाबांनी तो हॅम निवडायला अख्खा रविवार घालवला. खेकडा आल्यावर मात्र ते खचलेच. म्हणाले, ताईने परकं केलं. आईने विचारलं, लॉजमध्येच का राहत नाही? तेव्हा ते म्हणाले, "घरातला मुलगा मी. लॉज मी सांभाळायचा होता. तिने आयुष्य घातलं, आणि मी पाहुणा होऊन तिच्याकडून गादी घालून घेऊ?" मग बेसिनवर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

आत्या, तुला आम्ही हवे आहोत की नको? मला खरंच कळत नाही. रागव हवं तर, पण एका वाक्यात सांग.

तुझी गोंधळलेली चिहारू

कामिसावा
१७ डिसेंबर

मासातोशी,

हवे आहात.

चिहारूला ओरडू नकोस. ते हॉटेल रद्द कर आणि नववर्षालाच या. मेलबर्नच्या मंडळींना मी वरच्या मजल्यावर हलवते.

मला वाटत होतं, तुला या छपराखाली झोपायचंच नाही. बाबा गेले तेव्हा तू दोन दिवसांत परत गेलास, आणि मी वीस वर्षं रागावले. आता राग नाही असं लिहिलं, तर नवरा-बायको पुन्हा एकमत करत बसाल. म्हणून स्पष्ट लिहिते, राग आहे. पण मी इथे राहिले ती तुझ्यामुळे नव्हे. सकाळी खिडकीतून उतार बघत पाहुण्यांचा भात शिजवायला मला आवडायचं. हे तुला कधीच सांगितलं नाही, कारण तुला अपराधी वाटत होतं आणि ते मला बरं वाटत होतं. ही माझी चूक.

एप्रिलनंतर बसून भांडायला हे घरही उरणार नाही. त्याआधी ये.

फुमिए