आखूड शेपटीचं गिधाड

प्रिय तात्या,

काल विंझरला तुमच्या घरी गेलो होतो. सूनबाईंनी तुमचा मोबाईल पुढं केला. "मास्तर, यातलं तुमीच बघा. आमाला पाखरांतलं काय कळत न्हाई." म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. चूक कबूल करायला इतका उशीर मास्तरच लावू शकतो!

आठवतंय ना? गेल्या माघात तुम्ही भोरला माझ्या दारात उभे. "माळावर मेलेल्या बैलावर मोठं गिधाड उतरलं व्हतं, मास्तर. ग्रामपंचायत तो माळ सपाट कराय निघालीय. अर्ज लिवून द्या." मेलेली गुरं टाकायची जागा राहावी, एवढंच तुमचं मागणं.

मी रंग विचारला. "मातकट," म्हणालात. झालं! पांढऱ्या गिधाडाचं पिल्लूही मातकटच असतं, मी निकाल दिला. तुम्ही खिशातून मोबाईल काढत होतात. मी हातानंच थांबवलं, "राहू द्या, कळलं."

वर व्याख्यान! पांढरं आणि लांब चोचीचं, कुल एक, प्रजाती निराळ्या. पांढरं संकटग्रस्त, लांब चोचीचं अतिसंकटग्रस्त. तुम्ही हसलात. "म्हंजे भावकी एक, चूल येगळी. आन् एक आजारी, दुसरं घरघर लागल्यालं." इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नाही.

अर्ज मात्र लिहिला नाही. पांढऱ्यासाठी कोण माळ सोडणार, म्हणालो. आजाऱ्याची सोय करायला त्याला घरघर लागायची वाट बघायची असते का हो, तात्या?

आणि तुम्ही तरी गप्प का बसलात? उभा जन्म गुरांमागं गेला तुमचा! मास्तर बोलला की माना डोलवायच्या, ही रीत तुम्हाला कुणी शिकवली? बहुधा आम्हीच.

फोटो पाहिला. लांब, उघडी मान. शेपटी आखूड, पांढऱ्याच्या शेपटीसारखी पाचरीच्या आकाराची नाही. लांब चोचीचंच होतं ते, तोरण्याच्या कड्यावरून उतरलेलं.

माळ सपाट झालाय. बैल आता जेसीबीनं पुरतात.

सोमवारी वेल्ह्याला तहसील कचेरीत अर्ज घेऊन जातोय. सोबत फोटो, त्याखाली नाव तुमचं. कड्याखालची दुसरी जागा मागणार आहे. गुरांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथं जनावर टाकू देणार नाही. गुरांना टोचलेल्या दुखणं थांबवायच्या सुईचं औषध मेलेल्या जनावरातून पोटात जाऊनच ही जात संपत आली. मग दर रविवारी तिथं जाऊन बसेन. गिधाड दिसलं तर लिहीन. कडा रिकामा दिसला, तर रिकामा लिहीन.

तुमचा,
वसंत मास्तर