दोन ‘सावकाश ये’

सोमवार, ४ मार्च

रेडिओवरच्या निवेदिकाबाईंचा फोन. रविवारी सकाळी ‘एकाच नावाची गाणी’ असा कार्यक्रम करताहेत. त्यात माझ्या ‘सावकाश ये’ कॅसेटमधलं त्या नावाचं गाणं आणि एका गायिकाबाईंचं त्याच नावाचं, आधीचं गाणं — पाठोपाठ! मी ‘वा वा!’ म्हणालो. फोन ठेवला.

बायको आतून — “कोण हो?”

“राँग नंबर.”

राँग नंबरशी दहा मिनिटं बोललो!

मंगळवार, ५ मार्च

इथे तरी खरं लिहावं.

एकतीस वर्षांपूर्वी त्या गायिकाबाईंचं ‘सावकाश ये’ रेडिओवर तुफान गाजत होतं, आणि दुकानात कॅसेट मोजक्याच. माझे कान तिखट. दुकानाच्या फळीशी उभं राहून ऐकलं — गिऱ्हाईक गायिकेचं नाव घेतच नाही, “ते ‘सावकाश ये’ द्या” एवढंच म्हणतं. बारा दिवसांत त्याच नावाची कॅसेट काढली. गाणी वेगळी, आवाज माझा. दुकानदार बिनदिक्कत माझी हातात ठेवायचे. त्यावर धंदा उभा राहिला, घर उभं राहिलं. नावावर कुणाची मालकी नसते, हे वकिलाला आधीच विचारून ठेवलं होतं.

त्याचं एवढं नाही. पण हिचं! हिने मला होकार दिला तो ‘सावकाश ये’वाला म्हणून — त्या बाईंच्या गाण्याची चाल माझी, असं समजून. पाहुण्यांत, सुनेपुढे, दर वेळी माझ्याकडे बघत सांगते — “मी बाई गाण्यावर भाळले! रेडिओवर ऐकलं आणि ठरवलं.” माझं गाणं रेडिओवर कधी लागलंच नाही. मी मान डोलावतो. ‘घरात धंदा नको’ म्हणत मीच माझी एकही कॅसेट आजवर उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.

गुरुवार, ७ मार्च

निवेदिकाबाईंना फोन केला. “माझं वगळा की. त्या बाईंचा मान मोठा.”

“किती नम्र हो तुम्ही! आता तर दोन्ही अख्खी लावते.”

वर म्हणाल्या, त्या गायिकाबाई आता शिवणाचे क्लास घेतात. दुसरी कॅसेट कुणी काढलीच नाही त्यांची. “पण तुमच्यावर राग नाही हं त्यांचा.”

राग असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ८ मार्च

रविवारी सकाळी कुठेतरी बाहेर जाऊ म्हणालो. ही म्हणाली, “एकतीस वर्षांत सुचलं नाही ते आताच कसं?”

सुनेने पेपरात कार्यक्रमाचं वाचलंय. तिचे आईवडील येणार, माझी मेहुणी येणार. “बाबा, कॉलर ताठ करा!” घरभर आनंद. मला माझ्याच घरात कोपरा सापडेना.

शनिवार, ९ मार्च

रेडिओचे सेल काढून खिशात टाकले. सून हसली — “बाबा, आता मोबाइलवर लागतो रेडिओ!” हिने माझ्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं.

दुपारी तीनदा तोंड उघडलं. “अगं —”

“काय?”

“चहा.”

तीन कप झाले!

रविवार, १० मार्च

आधी त्या बाईंचं लागलं. हिने डोळे मिटून शेवटच्या ओळीपर्यंत सोबत म्हटलं. मग माझं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मी उठलोच — तर हिने मनगट धरून बसवलं आणि कानाशी म्हणाली, “बसा हो. ही कॅसेट मी तेव्हा दुकानात परत करून आले होते. वर तुमचा फोटो होता. आठवड्याने तुम्हीच मागणी घालायला आलात. म्हटलं, गाणं परत केलंय, माणूस तरी ठेवू.”

म्हणजे एकतीस वर्षं चारचौघांत ती गोष्ट सांगताना ही माझ्याकडे बघायची, ते मी काही बोलतो का म्हणून.