झाडावरचा बर्फ

८ डिसेंबर, रविवार
ही बँकेची डायरी. ह्यांना पेन्शनवाल्यांच्या कार्यक्रमात मिळाली, वर्षभर कोरी पडली होती. वर्ष संपायला आलं तेव्हा मी घेतली. छापलेल्या तारखा खोडून माझ्या घालते. चौथी शिकले म्हणून काय झालं? मनातलं लिहायला मॅट्रिक लागत नाय. वाचायला कोणाला देणार नाय.

लिहायचं कारण, आज हर्षदचा फोन. मी म्हटलं, नाताळची सुट्टी लागली की ओवीला दहा दिवस पाठव, सात वर्षांची झाली, एकदा पण नुसती आजीकडे म्हणून राहिली नाय. तर म्हणतो, आई, तिला क्रिसमस ट्री लागतो, ठाण्यात सगळ्या मैत्रिणींकडे असतो, पोलादपुरात तिला करमणार नाही. म्हटलं, एवढंच ना? म्हणाला, हो, एवढंच. मग जरा गप्प झाला. रेंज गेली असेल.

म्हणजे ठरलं. झाड आणलं की पोर येणार.

हे म्हणतात, दिवाळीचा राग असेल. कसला राग? एक चापट दिली. ती पण हळू. मी नवा फ्रॉक आणला तो पिशवीत तसाच, आणि ही सकाळपासून वन्संच्या मांडीला मांडी लावून वाती मोजत बसलेली. लहान पोरं चापटी लक्षात ठेवत नाय. भाऊबीजेआधीच गेले ते हर्षदला ऑफिस होतं म्हणून.

१० डिसेंबर
वन्सं म्हणजे गोदावरी, ह्यांची मोठी बहीण. तोंडावर वन्सं आणि अहो-जाहो. इथे गोदा. डायरीत कसला मान?

नवरा गेला तेव्हा उमरठहून आली, बावीस वर्षं झाली. मी ठेवून घेतली. दुसऱ्या कोणी ठेवली असती? भाकऱ्या, भांडी, पाणी, दिवाबत्ती करते, पण ते काय, घरातलंच.

तिला वातींचं खूळ. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा नवस बोलली, वहिनी उठून घरी आली तर देवीपुढे लाख वाती लावीन. हिला कोणी सांगितलं होतं? ऑपरेशन डॉक्टरने केलं, वातीने नाय. दोन वर्षं वळतेय. शंभराची एक जुडी, जुडीला लाल दोरा. दिवाळीत दोरे ओवीने बांधले. दोन गोणी भरून माझ्या पलंगाखाली. पाय लांब करायला जागा नाय.

१४ डिसेंबर
महाडला जाऊन आले. बाजारपेठेत फुरकानचं दुकान. राख्या, मखरं, ईदच्या लायटी, ज्याचा सीझन ते. चार झाडं दाखवली. एक पांढरं. म्हटलं, ह्याला रक्त कमी हाय काय? एक टेबलावरचं. म्हटलं, आमची तुळस मोठी हाय. मग सहा फुटी काढलं. खोका बंद. म्हणाला, काकी, उघडून दाखवतो, तीन तुकडे असतात, कुठला कुठे जातो ते बघून घ्या. म्हटलं, माझी एसटी जाईल, आणि झाड लावायला तू मला शिकवणार? आमच्याकडे आंबे-फणस काय प्लॅस्टिकचे हायत?

त्याची आई अमिरुन्निसा गल्ल्याजवळ बसलेली. कोणासाठी गो? म्हटलं, नातीसाठी. कधी येते? म्हटलं, झाड लागलं की. ती हसली. म्हणे, पोर झाडासाठी येते की आजीसाठी? म्हटलं, आजीसाठीच, झाड नुसतं निमित्त.

बाईला बोलायची पद्धत नाय.

१५ डिसेंबर, रविवार, सकाळी ११
झाड लावलं. खोका आधीच बंबात घातला, अंघोळीचं पाणी झालं. खोक्यावर चित्र होतं असं हे म्हणतात. आता म्हणून काय उपयोग?

मोठा पसारा वर, त्याखाली मधला, बारीक शेंडा खाली. हे म्हणाले, उलटं झालं, रुंद भाग खाली असतो. मी म्हटलं, तुम्ही एसटीत तिकिटं फाडली, झाडं कधी लावलीत? आंबा बघा, फणस बघा, वड बघा. खाली बारीक, वर पसारा. पोरांनी खाली खेळायचं कसं नायतर? हे पेपर घेऊन बसले. पटलं.

शेंडा उभा राहत नव्हता. बादलीत रेती घालून रोवला. गोदाने सावित्री नदीवरून दोन घमेली रेती आणली. कमरेला हात लावून बसली नंतर. नाटकं.

१७ डिसेंबर
हर्षदचा फोन. झाड आणलं म्हणून सांगितलं. अच्छा, म्हणाला. मग म्हणतो, आत्याचं आधार कार्ड कुठाय? काढून ठेव. आणि गोळ्या कुठल्या घेते त्याचा फोटो पाठवायला सांग बाबांना. बरं झालं, म्हातारीचं कसलं तरी सरकारी काम करत असेल. पोर कर्तव्याला चुकत नाय, माझ्यावर गेलंय.

मग म्हणाला, आत्याला फोन दे. गोदा फोन घेऊन मागल्या दारी गेली. मी सहज धुण्याच्या दगडाकडे गेले. म्हणत होती, नको रे बाळा, आता नको. वहिनीचा नवस हाय, हातचं काम संपू दे. चार हजारच राहिल्यात. तोवर मी हलत नाय इथनं.

न हलायला हिला कोण हलवतंय?

१९ डिसेंबर, गुरुवार
मार्गशीर्षाचा तिसरा गुरुवार. घट गोदाने मांडला, पूजा मी केली.

झाड सजवलं. गणपतीतली मखराची झालर, सोनेरी मणी, दोन आकाशकंदील, लायटीची माळ. माळ लावली की आरतीची धून वाजते. बटण मोडलंय, धून बंद होत नाय. चालायचं. देव सगळे एकच.

शेजारची साळूबाई डोकावली. कोणाचं डोहाळजेवण गो? म्हटलं, नाताळ हाय, माझी ओवी येतेय दहा दिवस. म्हणे, अगो बाई, मागल्या वेळी रडत गेली ती? म्हटलं, तुझा मुलगा सुशांत दुबईहून चार वर्षांत आला नाय, तू माझ्या घरची रड मोजू नको. गेली. ह्यांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मी खरं बोलले, त्यात काय?

२१ डिसेंबर, शनिवार
सकाळी फोन. आई, चोवीसला दुपारी येतोय आम्ही, जेवायचं करू नकोस. म्हटलं, म्हणजे? दहा दिवस ना? तेवढ्यात रेंज गेली. ह्याच्या रेंजला काय धाड भरते कळत नाय.

झाडाला बर्फ पायजे. साळूबाईची सून मोबाईलवर दाखवत होती, सगळ्या झाडांवर बर्फ. मेडिकलमधून कापूस आणला, एका फांदीला झाला. मग पलंगाखाली बघितलं.

बर्फ काय आणि वात काय. कापूसच.

गोदाला दळणाला पाठवली. तिथे रांग असते. दोरे सोडले, वाती पिंजल्या, फेविकॉल लावून चिकटवल्या, वर चमकी मारली. एक गोण पुरली नाय, दुसरी पण घेतली. दोरे बंबात. पलंगाखाली काय जागा झाली! देवीला पण बरं, लाख वाती पेटवायच्या म्हणजे केवढं तूप आणि केवढा धूर. आणि नवस माझ्यासाठीच ना? मग कापूस माझाच झाला.

दुपारी ३
गोदा आली. डबा डोक्यावर तसाच. बघत राहिली. मी म्हटलं, वन्सं, सुंदर दिसतंय ना? डबा खाली ठेवला, झाडापुढे बसली. खाली एक वात पडली होती ती उचलली, सरळ केली, परत ठेवली. मग म्हणाली, वहिनी, तुम्ही बऱ्या झालात तेच पुष्कळ.

म्हणजे आवडलं.

हे जेवले नाय. अपचन असेल.

२२ डिसेंबर, रविवार
गोदाने स्वतः हर्षदला फोन लावायला सांगितला ह्यांना. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ऐकलं मी. म्हणाली, येते रे. आता काय, हात मोकळेच हायत.

उमरठला चालली असणार, नवऱ्याच्या घरी. तिची ट्रंक काढली, लुगडी घडी केली, नवऱ्याचा फोटो भिंतीवरून उतरवला. फोटो कशाला न्यायचा दोन दिवसांसाठी? मी म्हटलं, वन्सं, पाहुणे यायच्या वेळेलाच तुमचं जाणं. शुक्रवारपर्यंत या. म्हणाली, वहिनी, शेवटच्या गुरुवारी खीर आणि दिवाबत्ती जमेल ना तुम्हाला? म्हटलं, मी काय लंगडी हाय?

२४ डिसेंबर, मंगळवार, सकाळी
ओवीसाठी संकल्प. १) ओरडणार नाय. २) चापट नाय. ३) फ्रॉक स्वतः घालीन तिला. ४) रोज माझ्याजवळ झोपवीन, गोदाजवळ नाय. पलंगाखाली आता तिची खेळणी राहतील.

संध्याकाळी ५
आले. चाळीस मिनिटं होते.

ईरा, सूनबाई, गाडीतून उतरली ती सरळ बाथरूमला. ओवी पळत आली, माझ्या बाजूने गेली आणि गोदाच्या कमरेला मिठी मारली. मी म्हटलं, अगो, झाड बघ. बघितलं. म्हणाली, आजी, हे उलटं आहे. मग जवळ गेली, बर्फ ओढून बघितला. म्हणाली, गोदाआजी, ह्या आपल्या वाती आहेत ना? तू फोनवर म्हणाली होतीस शहाण्णव हजार झाल्या. ह्या कोणी तोडल्या?

आरती वाजत होती.

गोदा म्हणाली, उंदराने कुरतडल्या गो. ओवीने माझ्याकडे बघितलं. सात वर्षांची पोर आणि ती नजर. ईराने शिकवलेली.

हर्षद म्हणाला, आई, आम्ही महाबळेश्वरला चाललोय, बुकिंग आहे. उशीर झाला की आंबेनळी घाटात ट्रॅफिक लागतं. आत्याला नेतोय. तिथून ठाण्याला. ओवीला शाळेतून आल्यावर कोणीतरी हवं. दोन महिने विचारतोय, ती नवस संपल्याशिवाय हलत नव्हती. म्हटलं, किती दिवस? ईरा म्हणाली, त्यांना आवडेल तितके दिवस.

मी म्हटलं, ओवीला सांभाळायला मी येते. मी पण मावते की गाडीत. हर्षदने चावी चाचपली. ओवी म्हणाली, आजी, तिथे माझा कोट ठेवलाय.

ट्रंक ह्यांनी उचलून नेली. कधी पाण्याचा हंडा उचलला नाय ह्या माणसाने. गोदा वाकली माझ्या पाया पडायला, मोठी असून. मी पाय मागे घेतले. म्हणाली, डाव्या डब्यात मेथ्या हायत, उजव्यात मोहरी, बघून घाला.

फ्रॉक खुर्चीवर राहिला. विसरली असेल. पोरं विसरतात.

२५ डिसेंबर
नाताळ. चहा मीच केला. हे म्हणाले, ह्यात मीठ हाय. म्हटलं, प्या.

दुपारी ह्यांच्या मोबाईलवर फोटो आला. हॉटेलचं झाड, दोन मजले उंच, खाली रुंद वर टोक. खाली गोदा, डोक्याला ओवीची लोकरी टोपी. हसतेय. दात आहेत तिला वरचे, मला माहीत नव्हतं.

२६ डिसेंबर, गुरुवार, संध्याकाळ
शेवटचा गुरुवार. घट मांडला, थोडा कलंडला. खीर करपली, ती वरवरची देवीला दाखवली. दिवा लावायला बसले तर घरात वात नाय. कापूस पण नाय. कापूस सगळा झाडावर.

फांदीवरून थोडा ओढला, मांडीवर ठेवून वळायला बघितलं. गांडुळासारखं झालं. बावीस वर्षांत कधी वेळच आली नाय. हे बघत होते. म्हटलं, बघता काय, दुकानातून तयार वाती आणा. म्हणाले, आज गुरुवार, दुकान बंद असतं, साळूबाईकडे माग. साळूबाईकडे मी मागणार?

तीच तेलात घातली. काडी लावली. फेविकॉल तडतडला, चमकी निळी झाली, विझली. दुसरी. तिसरी. प्लॅस्टिकचा वास सुटला, देवीचा फोटो काळा पडला. पेटेना.

वन्संना फोन लावायला सांगितला ह्यांना, वात कशी वळायची विचारायला. हर्षदचा फोन ओवीने उचलला. म्हणाली, गोदाआजी कामात आहे, आम्ही पहिल्यापासून मोजतोय. बारा झाल्या. मी विचारलं, कोणासाठी गो? म्हणाली, थांब, विचारते. मग परत आली आणि म्हणाली, तुझ्यासाठीच.

रेंज गेली म्हटलं मी आणि फोन ठेवला.

हे म्हणाले, काड्या संपल्या तर सांग. झाडावर अजून शहाण्णव हजार हायत.