ह्यांच्या डोळ्यातली लेन्स

१ सप्टेंबर २०२५, महालक्ष्म्यांचं जेवण
जीव नकोसा झाला आज! पाच सवाष्णी पानावर बसलेल्या आणि हे ओरडले — "रजनी, ताटं धुतलीस की नाही? सब मटमैली पड़ी हैं!" वाढलेल्या पुरणासकट सगळी ताटं उचलायला लावली. मी स्वतः घासली होती, दोनदा! सून ऋता मध्ये पडली — "अहो बाबा, लख्ख आहेत की." तर तिलाही झापलं. पोरगी गुणाची आहे.

४ सप्टेंबर
आज ट्यूबलाइट मळकी. काल माझी साडी. वर्ष झालं हे ऐकतेय. ह्यांचा डावा डोळा काचबिंदूनं गेलेला, उजव्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची दहा वर्षं जुनी लेन्स. खोट तिथेच असणार. पण बोलणी मी खायची!

९ सप्टेंबर
नेलं एकदाचं टावर चौकातल्या डॉक्टरकडे. "लेंस के पीछे जाली आ गई होगी. लेज़र कर देते हैं, पाँच मिनट का काम है." हे कां कूं करायला लागले. मी बाहेर येऊन ऋताला बँकेत फोन लावला. ती म्हणाली — "आई, घाई नको. आधी इंदूरला दाखवू." आत जाऊन मी सांगितलं, आजच करा! आणखी किती दिवस ऐकून घेऊ?

१६ सप्टेंबर
काडीचा फरक नाही. आता माझं तोंडही मळकट दिसतं म्हणे. दिसू दे!

२२ सप्टेंबर
इंदूरला जाऊन आलो. जाळी नव्हतीच. लेन्सच आतून दुधट झालीय — "सालों बाद किसी-किसी की हो जाती है." म्हणजे माझी ताटं स्वच्छ होती! इतकं बरं वाटलं की माझीच मला लाज वाटली.
मग डॉक्टर चिडले. लेन्स बदलता आली असती, पण लेझरनं लेन्सला धरून ठेवणारी मागची झिल्लीच उघडलीय. आता बदलायला गेलं तर हाही डोळा जायची भीती. "लेज़र की इतनी जल्दी किसको थी?" ह्यांनी माझ्याकडे मान वळवली. मी पर्स आवरत बसले.

२३ सप्टेंबर
सकाळी चहाला ह्यांनी विचारलं, "लेझरची इतकी घाई का केलीस?"
"ऋतानंच सांगितलं होतं फोनवर," मी म्हटलं.
ती तिथेच उभी होती. तिनं माझ्या कपात चहा ओतला.