भुताला कुंकू नसतं

४ फेब्रुवारी
ऋतुजा बीडहून आली. कॉलेजात निबंध वाचायचाय, 'भयपट : काल आणि आज'. "आप्पा, तुम्ही आयुष्यभर तंबूत पिच्चर दाखवले, तुम्हीच सांगा." मला निमित्तच हवं होतं. नातीपुढं तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच.
सांगितलं : आमच्या वेळचं भूत वर्दी देऊन यायचं. आधी धूर, मग घुंगरू, मग पांढरी साडी. अख्खा तंबू एकदम किंचाळायचा आणि एकदम हसायचा. पुढं व्हिडिओ आला, भुताच्या तोंडाला रबर लागलं. आता तर भूत दिसतच नाही, नुसती खुर्ची हलते, आणि माणूस कानात वायरी घालून एकटाच भितो.
मग नेहमीचा किस्सा. जत्रेत भुताच्या सीनला पडद्यामागून खरी बाई सोडायचो. लोक कनाती फाडून पळायचे. पोरगी हसून हसून लोळली.
"कोण होती ती बाई?"
"होती एक. तंबू झाडायची."
नाव सांगितलं नाही.

५ फेब्रु.
गया तिचं नाव. हाडापेरानं उंच, केस गुडघ्यापर्यंत. म्हणून निवडली. पडद्यावर यायचंय म्हटल्यावर लग्नातला शालू नेसून, केसांत अबोली माळून आली बिचारी. मी पांढरं लुगडं पुढं टाकलं. नेसली. कपाळाला मात्र हात लावू देईना. "मालक, सवाष्ण हाय मी. कुकू नगा पुसू."
मी म्हणालो, "अगं, भुताला कुंकू नसतं." आणि माझ्या रुमालानं पुसलं. मी, स्वतः. तंबूतली माणसं हसली. मीही हसलो. जत्रेचे पाचही दिवस पुसलं.
पुढच्या वर्षी ऊस वाहताना ट्रॉलीवरून पडून तिचा नवरा गेला. सासू दारात उभी राहून ओरडायची, हिनंच आधी पुसलं म्हणून. मी ऐकलं होतं. सांगायला गेलो नाही. किस्सा सांगताना एवढं सोडून सगळं सांगतो.

७ फेब्रु.
ऋतुजानं मोबाइलवर नवा पिच्चर दाखवला. भूत म्हणजे नवरी. लालभडक शालू, हातभर हिरवा चुडा, कपाळभर कुंकू.
"हे भूत?"
"आता असंच असतं, आप्पा. पांढऱ्या साडीला लोक हसतात."
पुढं बघवेना. बंद कर म्हणालो. म्हणजे नियमबियम काही नव्हता. कुंकवासकटही लोक भ्यायले असते. मी उगाच शहाणपणा केला.

८ फेब्रु.
ऋतुजाला सगळं सांगितलं. तिनं वही पुढं ओढली. मग, "निबंधात घालू?"
"नको."
"का?"
"लाज वाटते."
"मग आजवर हसून कसं सांगत होतात?"
फटकळ आहे. माझ्यावरच गेलीय.

१० फेब्रु.
गया गेवराईच्या बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. इतकी वर्षं मी भाजी पलीकडच्या रांगेतून घेत आलो. आज ऋतुजानं हात धरून तिच्यासमोर नेलं. केस पांढरे, विरळ. ओळखलं तिनं.
"मालक! लई दिसांनी. थकले की तुमी."
आज पहिल्यांदा तिला अहो-जाहो केलं. घरून वाक्य पाठ करून गेलो होतो, माफ करा एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, मेथी कशी दिलीत?
तीच म्हणाली, "तो भुताचा पिच्चर म्या कवा पाह्यलाच न्हाई बगा. पडद्यामागून समदं उलटं दिसायचं, अन् माजी बारी आली की भायेर."
ऋतुजा म्हणाली, "आजी, मोबाइलवर आहे. घरी या, दाखवते."
यायचं कबूल केलं. मी मेथीच्या चार जुड्या घेऊन आलो. खाणारी माणसं दोन.

१२ फेब्रु.
दुपारी आली. धुतलेलं लुगडं नेसून. खुर्चीवर बसेना, सतरंजीवर बसली. ऋतुजानं मोबाइल पाटावर टेकवून लावला.
भूत आलं तशी हसायलाच लागली. "आगं बाई, हिला भिऊन पळत व्हते लोक? हिच्यापरीस आमची सासू बरी भेव घालायची." ऋतुजाही हसली. मलाही बरं वाटायला लागलं होतं. वाटलं, विसरली असेल. विसरली असावी असं वाटलं, हे लिहायलाच हवं.
पिच्चर संपत आला. हीरो देवळात रडतो, मेलेल्या बायकोला हाका मारतो. गया पुढं सरकली.
"ह्यो हिचा नवरा?"
"हो," ऋतुजा म्हणाली.
"नवरा जित्ता हाय की हिचा. मग हिच्या कपाळाला कावून न्हाई?"
माझ्याकडं बघून विचारलं. रागानं नाही, अडलेलं पोर मास्तराला विचारतं तसं. ऋतुजाही माझ्याकडं बघत होती.
मी म्हणालो, त्या काळचे पिच्चर तसेच असायचे.
"हां," म्हणाली. पदर सावरून उठली. चहा नको म्हणाली, जनावरं सोडायचीत. दारापर्यंत गेलो. तिथंही बोलता आलं असतं.